पट्टी भरली म्हणजे फाइल पोचली असं नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. मोठ्या शहरातल्या कंपन्यांना त्याचं फारसं काही वाटलं नसेल. तिथे यंत्रं तशीही चार-पाच वर्षांनी बदलतात. तालुक्याच्या गावी मात्र हा प्रश्न थेट खिशाला येऊन भिडतो. शाळेच्या संगणक कक्षात, झेरॉक्सच्या दुकानात, डीटीपी करणाऱ्याच्या टेबलावर अशी कितीतरी यंत्रं असतात की ज्यांच्यावर विंडोज ११ रीतसर चढतच नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मग लांबच्या पल्ल्यासाठी उरतात तीन वाटा: नवं यंत्र घ्यायचं, सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या विंडोजवर तसंच रेटायचं, किंवा त्याच यंत्रावर लिनक्स टाकायचं. पाथर्डीसारख्या गावाला यातली तिसरी वाट सर्वांत शहाणपणाची आहे, असं माझं मत आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट जुन्या यंत्रावर बरं चालतं, फुकट मिळतं, मराठी दाखवतं आणि लिहूही देतं. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून लोहित टंक आणि मराठी भाषांतराचं जे काम झालं, त्याची फळं आज कुठल्याही लिनक्सवर आयती मिळतात. पण या वाटेवर एक खाचखळगा आहे. तो आधीच दाखवून दिला नाही, तर लोकांचा डेटा उडेल आणि बोल लिनक्सला लागेल. हा खळगा म्हणजे पेन ड्राइव्ह काढण्याची आपली सवय.

ही बाब किरकोळ वाटू नये, म्हणून आधी पाथर्डीत पेन ड्राइव्हवर काय काय असतं ते पाहू. गर्भगिरीच्या डोंगररांगेतला हा अवर्षणप्रवण तालुका. दिवाळीच्या आसपास इथल्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांच्या ट्रॅक्टरमध्ये गाण्यांचा पेन ड्राइव्ह लावलेला असतो. लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओवाला नवरदेवाच्या घरी पेन ड्राइव्हच देतो. भगवानगडावरचं कीर्तन, मढीची कानिफनाथांची यात्रा, मोहटादेवीचा नवरात्रोत्सव यांची चित्रीकरणं याच मार्गाने एका घरातून दुसऱ्या घरात जातात. फ्लेक्सचं डिझाइन, लग्नपत्रिकेचा मजकूर, महाविद्यालयातल्या मुलांचा प्रकल्प, शाळेचं निकालपत्रक, भरतीच्या अर्जासाठी स्कॅन केलेले दाखले हे सगळं बोटाएवढ्या त्या वस्तूत असतं. यातल्या पुष्कळ गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नसते. स्टुडिओवाला जागा रिकामी करायची म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी मूळ चित्रीकरण पुसून टाकतो. ज्या मुलाने दाखले स्कॅन करून घेतले, तो ते पुन्हा काढायला करंजीहून किंवा खरवंडी कासारहून परत येईल तेव्हा त्याचा एक दिवस आणि जाण्यायेण्याचं भाडं जाणार. डेटा उडण्याची किंमत इथे अशी मोजावी लागते.

आता लिनक्सवर नेमकं काय घडतं ते. समजा एका दुकानातल्या यंत्रात ८ जीबी मेमरी आहे आणि त्यातली सुमारे ६ जीबी मोकळी आहे. दुकानदाराने ५०० एमबीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर कॉपी केला. पडद्यावरची पट्टी पाच-सात सेकंदांत भरते. गिऱ्हाईक खूश, दुकानदारही मोकळा. पण स्वस्तातला पेन ड्राइव्ह सेकंदाला पाच-सहा एमबीपेक्षा जास्त वेगाने लिहून घेत नाही. म्हणजे ५०० एमबी लिहायला त्याला कमीत कमी सव्वा मिनिट पाहिजे. मग पाच सेकंदांत भरलेली पट्टी काय सांगत होती? ती एवढंच सांगत होती की फाइल संगणकाच्या मेमरीत येऊन पडली आहे. एसटीच्या पार्सल खिडकीवर पावती मिळाली म्हणजे पार्सल मुंबईला पोचलं असं आपण समजत नाही. इथे मात्र आपण पावतीलाच पोच समजतो. लिनक्स हा डेटा मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीने लिहितो. त्याचे नियमही ठरलेले आहेत. लिहायचं काम बघणारा भाग दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुना झालेला डेटा बाहेर लिहायला घेतो. असा न लिहिलेला डेटा मोकळ्या मेमरीच्या १० टक्क्यांवर गेला तर वय न बघताच लिहायला सुरुवात होते आणि २० टक्क्यांवर गेला तर कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून धरलं जातं. आपल्या उदाहरणात १० टक्के म्हणजे ६०० एमबी. ५०० एमबीचा व्हिडिओ त्या रेषेच्या आतच बसतो. म्हणजे पट्टी भरून गेल्यावरही काही काळ पेन ड्राइव्हवर त्यातलं काहीच गेलेलं नसणं शक्य आहे.

हे ज्याला पडताळून पाहायचं असेल त्याने लिनक्सवर टर्मिनल उघडून 'प्रॉक' फोल्डरातली 'मेमइन्फो' ही फाइल पाहावी. तिच्यात 'डर्टी' आणि 'राइटबॅक' अशा दोन ओळी असतात. पहिलीत अजून लिहायचा राहिलेला डेटा, दुसरीत या क्षणी लिहिला जात असलेला. मोठी फाइल कॉपी करून पट्टी भरताच हे आकडे बघितले की ते लाखो केबींवर दिसतात आणि मग हळूहळू उतरत जातात. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. फॅट पद्धतीचा पेन ड्राइव्ह डेस्कटॉपवर आपोआप जोडला जातो तेव्हा त्याला बहुधा 'फ्लश' नावाचा पर्याय लावलेला असतो, त्यामुळे ३० सेकंदांची वाट न बघता लिहिणं लवकर सुरू होतं. पण त्याने सुरुवात लवकर होते, शेवट लवकर होत नाही. सव्वा मिनिटाचं काम सव्वा मिनिटच घेतं. शिवाय सगळ्याच पद्धतींच्या ड्राइव्हना ही सोय मिळत नाही.

या सव्वा मिनिटात पेन ड्राइव्ह उपटला तर काय होतं, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण नुकसान फक्त चालू फाइलचं होतं असा समज आहे. बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने आखलेले असतात. फॅट३२ मध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या जागी लिहिल्या जातात: फाइलचा मजकूर, फोल्डरातली तिच्या नावाची व आकाराची नोंद, आणि कुठला तुकडा कुठल्या तुकड्यापुढे येतो हे सांगणारा तक्ता. तिन्ही मिळून फाइल होते. नावाची नोंद लिहिली गेली आणि बाकीचं राहिलं, तर घरी गेल्यावर फाइलचं नाव दिसतं, पण आकार शून्य. तुकडे लिहिले गेले आणि नोंद राहिली, तर जागा भरलेली दिसते पण फाइल सापडत नाही. दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवल्यावर 'फाउंड' नावाच्या फोल्डरात बिननावाचे तुकडे मिळतात. सर्वांत वाईट म्हणजे तक्ताच अर्धवट लिहिला गेला तर आधीपासून त्यावर असलेल्या, आज हातही न लावलेल्या फाइलींच्या साखळ्या तुटू शकतात. लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कसाठी वापरली जाणारी एक्सटी४ पद्धत नोंदवहीसारखी एक जर्नल ठेवते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी ती बऱ्यापैकी सावरते. फॅट आणि एक्सफॅटला असं जर्नल नाही. त्याखेरीज पेन ड्राइव्हच्या पोटातला कंट्रोलर स्वतःची वेगळी मांडणी सांभाळत असतो. लिहिण्याच्या ऐन वेळी त्याची वीज तुटली तर कधी कधी अख्खा ड्राइव्हच ओळखला जात नाही. सारांश, गावातली सर्वांत नाजूक साठवण आपण सर्वांत हलगर्जीपणे हाताळतो.

"आम्ही वर्षानुवर्षं असेच उपटतो, कधी काही झालं नाही" हे यावरचं पहिलं उत्तर असतं, आणि ते देणारा माणूस खोटं बोलत नसतो. छोटी फाइल एक-दोन सेकंदांत लिहून होते. पत्रिकेचा मजकूर किंवा एखादा फोटो कॉपी केल्यावर माणूस पाकीट काढून पैसे देईपर्यंत काम झालेलं असतं. बहुतेक वेळा निभावतं. पण निभावलं याचा पुरावा ज्याच्याकडे असायला हवा, त्याच्याकडे तो नसतो. पेन ड्राइव्ह उपटणारा असतो दुकानात आणि फाइल उघडत नाही हे कळतं चार दिवसांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्याच यंत्रावर. तिथला माणूस म्हणतो, व्हायरस असेल; किंवा म्हणतो, पेन ड्राइव्ह हलक्या कंपनीचा आहे; आणि लगेच सल्ला देतो, फॉरमॅट मारा. एकदा फॉरमॅट मारलं की जे परत मिळण्याजोगं होतं तेही अवघड होऊन बसतं. झालेल्या नुकसानीचा धागा पहिल्या दुकानापर्यंत कधी पोचतच नाही, म्हणून त्या दुकानदाराचा अनुभव 'काही होत नाही' असाच राहतो. ज्या चुकीचा परिणाम चूक करणाऱ्याला दिसत नाही, तिच्याबद्दल त्याचा अनुभव पुरावा म्हणून धरता येत नाही. उलट लिनक्स मात्र अशी चूक लक्षात ठेवतो: नीट न काढलेला फॅटचा ड्राइव्ह पुन्हा जोडला की हा ड्राइव्ह व्यवस्थित बंद झाला नव्हता, तपासून घ्या, अशी नोंद तो आपल्या संदेशांत करतो. ती नोंद कुणी वाचत नाही, एवढाच प्रश्न.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विंडोजमध्ये हे सगळं करावं लागत नाही, मग लिनक्सने लोकांना का त्रास द्यावा? यात तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, बाहेरून जोडायच्या साठवणीसाठी 'क्विक रिमूव्हल' हीच मूळ मांडणी ठेवली. त्यात ड्राइव्हवर लिहायचा डेटा मेमरीत साठवून ठेवला जात नाही. कॉपीची पट्टी सावकाश सरकते, पण सरकते ती बऱ्यापैकी खरी. विंडोजनेही लिहिणं चालू असताना उपटण्याची मुभा दिलेली नाही, हे इथे विसरू नये; तरीही पट्टी संपल्यावर धोका फार कमी उरतो हे मान्य. आणि नेमकी हीच गोष्ट लिनक्सवर येणाऱ्याला गोत्यात आणते. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने संगणक शिकला तो एमएस-सीआयटीतून, विंडोजच्या भोवती. पट्टी भरली की काम झालं, हे त्या पिढीच्या हाताला लागलेलं वळण आहे. ते विंडोजवर चालून जातं. तोच हात लिनक्सच्या यंत्रावर आला की पट्टीचा अर्थ बदललेला असतो, आणि दिसायला मात्र पट्टी तशीच असते. त्यामुळे 'लिनक्स वापरायला विंडोजसारखंच आहे, काही नवं शिकावं लागत नाही' असं सांगून जे लोक ते बसवून देतात, ते चांगल्या हेतूने अपुरी माहिती देतात. ब्राउझर तसाच आहे, लिबरऑफिसची सवय आठवड्यात होते. पेन ड्राइव्ह काढणं ही एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे.

मग दोष लिनक्सचाच म्हणायचा का? अर्धा. मेमरीत साठवून मग लिहिण्याची रीत मुळात चांगली आहे. तिच्यामुळे जुनं, मंद डिस्कचं यंत्रही चपळ वाटतं, एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहायचं असेल तर ते एकदाच लिहिलं जातं, फ्लॅश मेमरीची झीज कमी होते. युनिक्सच्या जुन्या काळापासून ही रीत चालत आली आहे. बिघडलं आहे ते प्रमाण. २०१३ मध्ये लिनक्सच्या विकासकांमध्येच यावर चर्चा झाली होती. मेमरी भरपूर असलेल्या यंत्रावर मंद पेन ड्राइव्हला मोठी फाइल दिली की सगळी व्यवस्थाच अडकून बसते, अशी तक्रार होती. खुद्द लिनस टॉरवल्ड्स यांनी तेव्हा मान्य केलं की टक्केवारीचा हा हिशोब ८ ते ६४ एमबी मेमरीच्या जमान्यातला आहे. त्या काळी १० टक्के म्हणजे फार तर पाच-सहा एमबी. आज तोच आकडा शेकडो एमबींवर जातो. तरीही १० आणि २० टक्क्यांची ती मूळ मांडणी आजही बहुतेक ठिकाणी तशीच आहे, कारण सर्व्हरपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यांना एकच आकडा सोयीचा पडत नाही. म्हणजे दोष आहे, तो मान्यही झालेला आहे आणि सामान्य वापरणाऱ्याला तो झेलावा लागतो आहे. परंतु दोष दुसऱ्याचा आहे म्हणून आपला डेटा वाचत नाही. शिवाय या दोषावरचा उपाय यंत्र सांभाळणाऱ्याच्या हातात आहे, त्याकडे शेवटी येतो.

नीट काढणं म्हणजे काय, हेही थोडक्यात स्पष्ट हवं, कारण त्याभोवती अर्धवट समजुती फार आहेत. फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला ड्राइव्हच्या नावापुढे वर टोक असलेल्या त्रिकोणाची खूण असते. ती दाबली की लिनक्स मेमरीतला उरलेला सगळा डेटा लिहून काढतो, तक्ते पूर्ण करतो, ड्राइव्ह बंद झाल्याची नोंद त्याच्यावर करतो आणि मगच त्याला सोडतो. डेटा बराच उरला असेल तर 'लिहिणं चालू आहे, काढू नका' अशा अर्थाचा संदेश येतो. काम संपलं की काढता येईल असं सांगितलं जातं. त्या दुसऱ्या संदेशापर्यंत थांबायचं, एवढंच. खूण दाबली आणि लगेच उपटला, तर दाबून काही उपयोग नाही. टर्मिनल वापरणाऱ्यासाठी 'सिंक' आणि 'यूमाउंट' आहेत. 'यूमाउंट' परत येईपर्यंत, म्हणजे पुढची ओळ दिसेपर्यंत, थांबणं ओघानेच आलं. कधी 'टार्गेट इज बिझी' असं उत्तर मिळतं. त्याचा अर्थ कुणीतरी अजून तो ड्राइव्ह धरून बसलं आहे: व्हिडिओ प्लेअर उघडा राहिला असेल, एखादं पीडीएफ उघडं असेल, किंवा टर्मिनल स्वतःच त्या फोल्डरात उभं असेल. 'एलएसओएफ' ही आज्ञा धरून बसलेला प्रोग्रॅम दाखवते. अशा वेळी काही जण 'यूमाउंट'ला 'लेझी' म्हणजे आळशी हा पर्याय जोडतात. त्याने तक्रार बंद होते आणि ड्राइव्ह यादीतून नाहीसा दिसतो, पण आत लिहिणं चालूच असू शकतं. तो पर्याय या कामासाठी वापरूच नये. फिरत्या तबकडीची बाहेरची हार्ड डिस्क असेल तर तिची वीज बंद करणारा 'सेफली रिमूव्ह'चा पर्याय निवडावा आणि तबकडी थांबल्यावरच केबल काढावी. फिरत्या तबकडीला झटका बसणं तिच्या तब्येतीला वाईट. आणखी एक: विंडोजवरून तशीच उपटलेली एनटीएफएसची डिस्क लिनक्सवर लावली तर लिनक्स ती जोडायला नकार देऊ शकतो. ती अडवणूक आपल्या भल्यासाठीच असते. ती जबरदस्तीने उघडण्यापेक्षा विंडोजवर नेऊन नीट बंद करून आणणं बरं.

आता मुख्य मुद्दा: हे करायचं कुणी? आजवर ही जबाबदारी पेन ड्राइव्हच्या मालकावर ढकलली गेली आहे. गिऱ्हाईक वाकून स्वतःच पेन ड्राइव्ह काढतं, आणि डेटा उडाला तर 'तुम्हीच काढला ना' हे उत्तर तयार असतं. हे मला मान्य नाही. ज्याच्या यंत्रातून कॉपी होते, त्याची ती जबाबदारी. गिऱ्हाइकाला त्या यंत्रावर विंडोज आहे की लिनक्स हेही ठाऊक नसतं, पडद्याचं तोंड त्याच्याकडे नसतं, आणि वीस-तीस रुपये तो फाइल हातात मिळण्याचे देतो, मेमरीत मिळण्याचे नाही. कॉपी करून देण्याच्या कामातच नीट काढून देणं येतं. म्हणून झेरॉक्सवाला असो, स्टुडिओवाला असो की सेवा केंद्रातला ऑपरेटर असो, पेन ड्राइव्ह त्याने स्वतः काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. फाइल महत्त्वाची असेल तर एकदा काढून, पुन्हा लावून, उघडून दाखवावी. पुन्हा लावणं यासाठी की न काढता उघडली तर ती मेमरीतूनच उघडते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. शाळेत हीच जबाबदारी संगणक शिक्षकाची आणि कार्यालयात त्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याची.

यावर दुकानदार म्हणेल, यात्रेच्या दिवसांत किंवा भरतीच्या शेवटच्या तारखेला दारात रांग असते, प्रत्येकाला दीड मिनिट कुठून आणू? अडचण खरी आहे. पण दीड मिनिट फक्त मोठ्या व्हिडिओला लागतं. दाखल्याच्या चार पानांच्या पीडीएफला ते दोन सेकंदांचं काम आहे. मोठ्या फाइलीचं लिहिणं चालू असताना पुढच्या गिऱ्हाइकाची प्रिंट काढता येते. यंत्र काही अडून राहत नाही. शिवाय वेळ आपण वाचवत नाही, तो पुढे ढकलतो. उडालेल्या फाइलीसाठी गिऱ्हाईक परत आलं तर पुन्हा तीच फाइल, तेच काम, वरून वाद. विजेचाही विचार इथे करायला हवा. बॅटरी किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपची वीज मध्येच गेली तर मेमरीतला न लिहिलेला डेटा तसाच जातो, पेन ड्राइव्ह कुणीही उपटला नसला तरी. आमच्याकडे वीज कधी जाईल हे वेळापत्रकावर अवलंबून नसतं. म्हणून कॉपी झाली की ड्राइव्ह तसाच लावून ठेवून गप्पा मारत बसण्यापेक्षा तो लगेच रीतसर सोडवून घेणं हेच वेळेचंही शहाणपण आहे.

पेन ड्राइव्हचा जमानाच संपला, आता सगळं व्हॉट्सॲप आणि क्लाउडवर, असंही कुणी म्हणेल. फोटो आणि पीडीएफपुरतं ते बरंचसं खरं आहे, पण व्हॉट्सॲप नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करतं, आणि २ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. तासा-दोन तासांचं लग्नाचं चित्रीकरण त्याहून कितीतरी मोठं असतं. ४ जीबीच्या पुढे गेलं की फॅट३२ सुद्धा ते घेत नाही आणि ड्राइव्ह एक्सफॅटने आखून घ्यावा लागतो. लिनक्समध्ये एक्सफॅटचा आधार कर्नलच्या ५.४ आवृत्तीत, २०१९ अखेर आला आणि २०२० मध्ये ५.७ मध्ये पक्का झाला. आता ती अडचण नाही. डोंगराच्या कडेच्या वस्तीवर मोबाइलची रेंज एक-दोन काड्यांवर असताना काही जीबींची फाइल उतरवून घेणं हे अजूनही दिवसभराचं काम होऊन बसतं. टीव्हीला, ट्रॅक्टरच्या टेपला, गाडीच्या म्युझिक सिस्टिमला यूएसबीचं भोक आहे तोवर पेन ड्राइव्ह राहणार.

शिकवण्याचा भाग त्यामानाने सोपा आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीत उपलब्ध आहेत आणि इंटरनेट नसतानाही चालावेत अशीच त्यांची रचना आहे. तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी ते वापरावेत. प्रात्यक्षिकाच्या तासाला 'मेमइन्फो'मधला 'डर्टी'चा आकडा उतरताना मुलांना एकदा दाखवला, तर त्यांना पुन्हा सूचना द्यावी लागणार नाही. डोळ्यांनी पाहिलेलं पक्कं राहतं. परीक्षेत प्रोसेसरचे भाग विचारतात, तसा हा प्रश्न विचारायलाही हरकत नाही.

पण केवळ सवयीवर भार टाकून चालणार नाही, आणि इथे यंत्र सांभाळणाऱ्याचा उपाय येतो. लिनक्समध्ये न लिहिलेल्या डेटाची मर्यादा टक्क्यांऐवजी थेट बाइटमध्ये ठरवता येते. 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' १६ एमबी आणि 'डर्टी बाइट्स' ६४ एमबी अशा दोन ओळी 'सिस-सीटीएल'च्या मांडणीत एकदा लिहून ठेवल्या की कॉपीची पट्टी पेन ड्राइव्हच्या खऱ्या वेगाने सरकू लागते. मग पट्टी भरल्यावर उरतो तो फार तर १०-१२ सेकंदांचा डेटा. हा उपाय सगळ्या यंत्राला लागू होतो, त्यामुळे मोठमोठ्या फाइलींवर काम करणाऱ्याला तो किंचित मंद वाटेल. शाळेच्या कक्षाला किंवा झेरॉक्सच्या दुकानाला काही फरक पडत नाही. ड्राइव्ह रीतसर सोडवण्याची गरज याने संपत नाही, पण चुकलेल्याला क्षमा मिळण्याची शक्यता खूप वाढते. दर वेळी लगेच लिहायला लावणारा 'सिंक' पर्याय कायमचा लावून ठेवण्याची युक्ती काही जण सुचवतात. फॅटच्या ड्राइव्हवर त्याने तक्ता सतत पुन्हा पुन्हा लिहिला जाऊन फ्लॅशची झीज होते आणि वेगही फार पडतो, म्हणून ती टाळलेली बरी. जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवून देणारे तरुण आता तालुक्याच्या गावीही आहेत. बसवण्याचे पैसे घेताना या दोन ओळी लिहून देणं, कॉपी करून आणि ड्राइव्ह सोडवून मालकाला एकदा दाखवणं, हे त्यांनी त्याच कामात धरावं. शाळांनीही दुरुस्तीचं काम देताना ते लेखी मागून घ्यावं. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी संगणक कक्षातली यंत्रं तपासली जातातच. त्या यादीत हे काम प्रत्येक यंत्रामागे दोन मिनिटांचं आहे.